मधली दहा वर्षं लपवायची कशाला?

प्रश्न: ताई, नमस्कार. वय ३८. इंजिनिअरिंग झाल्यावर पाच वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत होतो, जावा, स्ट्रट्स, ओरॅकल, पीएल-एसक्यूएल असं काम. २०१५ ला बाबा आजारी पडले आणि घरचा औषधांच्या होलसेलचा धंदा अंगावर आला, दोन वर्षं बघू म्हणता म्हणता दहा झाली. आता धाकटा भाऊ धंदा बघायला तयार आहे आणि मला परत आयटीत यायचंय. तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतले, एकही पुरा झाला नाही. जॉबच्या जाहिराती वाचल्या की अर्धे शब्द कळत नाहीत. माझ्याकडून काम शिकलेली पोरं आता मॅनेजर झालीत. एक ओळखीचा म्हणतो खोटा अनुभव दाखव, सगळेच दाखवतात. दुसरा म्हणतो गपचूप फ्रेशर म्हणून लाग. तिसरा म्हणतो एआय आलंय, आता कशाला जातोस तिकडे. बायको म्हणते जा. दहा वर्षांच्या गॅपचं काय सांगू आणि सुरुवात कुठून करू? अरे-तुरे केलंत तरी चालेल.

उत्तर: अरे-तुरेच करते मग. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "गॅप" शब्दाशी अडखळले. गॅप कसली रे? माल उतरवून घ्यायचा, बॅच नंबर जुळवायचे, कुणाची उधारी किती दिवस थकलीय ते बघायचं, एक्सपायर झालेला माल कंपनीला परत पाठवून त्याचं क्रेडिट पदरात पडेपर्यंत मागे लागायचं, हे सगळं तू दहा वर्षं रोज केलंस ना? मग ती नोकरीच झाली की, फक्त तिथे तुझ्या गळ्यात आयडी कार्ड नव्हतं.

हे मी मोठेपणाने सांगत नाहीये, मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून सांगतेय. मी मधे सहा वर्षं आयटी सोडून शाळेत गणित शिकवत होते. परत यायचं ठरवलं तेव्हा रेझ्युमेमधे ती सहा वर्षं एका ओळीत, खाली, बारीक अक्षरात टाकली होती, "वैयक्तिक कारणांमुळे विश्रांती". पहिल्या इंटरव्ह्यूत त्यावरच प्रश्न आला आणि मी अशी काही चाचरले की समोरच्याला वाटलं असेल बाई तुरुंगात वगैरे होत्या की काय. पुढच्या वेळी सरळ लिहिलं, गणित शिक्षिका, सहा वर्षं. तर पॅनलवरच्या एकाने विचारलं की ज्या पोराच्या डोक्यात अपूर्णांक शिरतच नाही त्याला तुम्ही कसं समजावता, आणि त्यावर आम्ही दहा मिनिटं गप्पा मारल्या. ती नोकरी मिळाली. अपूर्णांकांमुळे मिळाली असं नाही म्हणणार मी, पण त्या दहा मिनिटांत मी मान खाली घालून बसले नव्हते एवढं नक्की.

आता तुझ्या तीन सल्लागारांकडे येऊ.

पहिल्याचा नंबर आधी डिलीट कर. खोटा अनुभव दाखवला की जॉइन होताना बॅकग्राउंड चेक होतो, जुन्या कंपनीच्या एचआरला विचारतात, पगाराची कागदपत्रं मागतात, आणि हे कधीकधी जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी होतं म्हणजे तोवर तू इकडचा धंदा भावाच्या हातात देऊन मोकळा झालेला असतोस. ते सोड, समजा पकडला नाहीस तरी खोट्या अनुभवावर तुला ज्या लेव्हलला घेतील तिथलं काम तुला येणार नाहीये, ते लपवायला रोज रात्री जागशील. सगळेच दाखवतात म्हणे! सगळे दाखवत नाहीत, दाखवणारे फक्त जास्त बोलतात.

दुसरा निदान प्रामाणिक आहे, पण चुकतोय. फ्रेशरच्या भरतीत ताज्या पास झालेल्या पोरांना ठोक भावात घेतात, बऱ्याच ठिकाणी पासिंगचं वर्ष बघूनच अर्ज बाजूला पडतो. आणि तिथे तुझी स्पर्धा कुणाशी, तर जो गेली चार वर्षं दिवसरात्र कोडिंगचे प्रश्नच सोडवत होता त्याच्याशी, म्हणजे तू स्वतःहून नेमक्या तुझ्या कच्च्या बाजूने मैदानात उतरणार. दुसरीकडे, २०१५ च्या हिशोबाने "मी आता सीनियर असायला हवा होतो" हेही डोक्यातून काढावं लागेल. माझा अंदाज, दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्याला जे काम देतात ते धर, पगारही साधारण तसाच, जुन्या मित्रांच्या मानाने बराच कमी. तो आकडा किती कमी चालेल हे बायकोबरोबर बसून आधीच ठरवून ठेव, ऑफर हातात आल्यावर ठरवायला गेलास तर एकतर अपमान वाटेल नाहीतर घाबरून कशालाही हो म्हणशील. आणि हाताखाली शिकलेली पोरं मॅनेजर झालीत याचं वाईट वाटणारच, मलाही वाटलं होतं, माझा पहिला टीम लीड माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता, दुसऱ्या महिन्यापासून काही वाटेनासं झालं कारण पोरगा कामात खरंच पक्का होता.

तिसऱ्याचं, एआयवालं, जरा थांबून बोलते, शेवटाकडे.

आधी गंज कुठे चढलाय ते बघू. तुला वाटतंय सगळंच बदललं, तसं नाहीये. डेटाबेसशी बोलायचं एसक्यूएल तेच आहे रे. त्याच्यामागची रिलेशनल मॉडेलची, म्हणजे माहिती टेबलांत ठेवून एकमेकांशी जोडायची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉडने १९७० मधे मांडली, आणि आजही जॉइन म्हणजे जॉइनच, इंडेक्स लावला नाही की क्वेरी आजही रडते. तू पीएल-एसक्यूएल लिहायचास म्हणजे हा भाग तुझ्या हातात अजून असणार, आठवडाभर घासला की चमकेल, फक्त विंडो फंक्शन्स (ओळी तशाच ठेवून त्यांच्यावर चालती बेरीज, क्रमांक वगैरे काढणं) तेव्हा वापरत नसशील तर ती नीट शीक, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. ब्राउझर आणि सर्व्हर ज्यातून बोलतात ते एचटीटीपी तेच. लॉग वाचून चूक हुडकणं तेच, आणि हे तुला नव्या पोरांपेक्षा बरं जमेल, पैज लावते, कारण दहा वर्षं तू हिशोबात न जुळणारा आकडा शोधत बसलायस.

बदललंय ते आजूबाजूचं. स्ट्रट्स १ चा, म्हणजे जावात वेबसाइट बांधायच्या तुमच्या त्या जुन्या सांगाड्याचा, सपोर्ट २०१३ मधेच संपला होता, म्हणजे तू होतास तेव्हाच ते म्हातारं झालेलं, आता जावावाल्या बऱ्याच जाहिरातींत स्प्रिंग बूट हा नवा सांगाडा असतो. त्यात ते एक्सएमएलचे ढीग नाहीत, टॉमकॅट वेगळा बसवून त्यात वॉर फाइल टाकायचा उद्योग नाही, सर्व्हर आतच असतो, जार नावाची एक फाइल चालवली की झालं. जावा ८ आलं २०१४ ला पण तुमच्या प्रोजेक्टवर बहुतेक ६ नाहीतर ७ असणार, म्हणून ८ मधे आलेल्या लॅम्डा आणि स्ट्रीम्स या कोड लिहायच्या पद्धतींपासून सुरुवात कर. त्यानंतर २०१७ पासून दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती येते, ते बघून घाबरू नकोस, कंपन्या लांब सपोर्टवाल्या आवृत्त्यांवरच बसतात, १७ आली २०२१ ला, २१ आली २०२३ ला, तू २१ घे आणि पुढे चल.

इथे एक खड्डा आहे, तो आत्ताच दाखवते. स्प्रिंग बूट ३ आलं २०२२ च्या शेवटी, त्याला किमान जावा १७ लागतं आणि जावाएक्सने सुरू होणारी बरीचशी पॅकेजं (तयार कोडचे गठ्ठे) त्यात जकार्ता नावाने सुरू होतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओतला कोड तसाच टाइप केलास तर कंपाइलच होणार नाही आणि तुला वाटेल आपलं डोकंच चालेनासं झालंय. तुझे ते तीन कोर्स बघ जरा कधीचे आहेत, त्यातला एखादा याच कारणाने अर्धवट सुटला असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

मग गिट, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल. तुम्ही त्यासाठी जुनं एसव्हीएन वापरत असाल, आता बहुतेक सगळीकडे गिटच. कमिट, पुश, पुल एवढं दोन दिवसांत येतं, पण ब्रँच (कोडची वेगळी फांदी), मर्ज (फांद्या एकत्र करणं), रिबेस (आपले बदल दुसऱ्या फांदीच्या टोकावर नव्याने बसवणं) हे हाताने करून बघ, नुसतं वाचून येत नाही. माझा पहिला आठवडा सांगते. रिबेस केलं, पुश होईना, नेटवर वाचलं की फोर्स लाव, लावलं, आणि टीममधल्या एका मुलाचं दोन दिवसांचं काम सर्व्हरवरच्या ब्रँचमधून गायब. माझे हातपाय गार. तो मुलगा शांतपणे म्हणाला, मॅडम माझ्या मशीनवर आहे की सगळं, परत पुश करतो, फक्त यापुढे फोर्स लावायच्या आधी आवाज द्या. तर रिपॉझिटरी, म्हणजे गिटमधलं कोडचं कोठार, स्वतःची एकट्याची असतानाच असले घोळ घालून घे, दोन फोल्डरमधे क्लोन करायची आणि स्वतःशीच भांडायचं, रीफ्लॉग, म्हणजे गिटची स्वतःची हालचालींची नोंदवही, वापरून हरवलेलं कमिट परत आणून बघायचं.

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट डब्यात भरून चालवायचं टूल, एवढंच शीक की तुझं अ‍ॅप आणि डेटाबेस एका कमांडने उभे राहतील. असे ढीगभर डबे सांभाळणारं कुबरनेटिस आत्ता नको, जाहिरातीत असलं तरी नको. क्लाउडवर अकाउंट उघडशील तर पहिल्या दिवशी बिलाचा अलर्ट लाव, आणि पासवर्ड किंवा की चुकूनसुद्धा कोडमधे टाकून गिटवर चढवू नकोस, असल्या की शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. फ्रंटएंडचं, म्हणजे स्क्रीन बनवायचं, रिअ‍ॅक्ट कामापुरतं, स्क्रीन दिसण्यापुरतं. बाकी मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, हे शब्द म्हणजे नक्की काय एवढं दोन-दोन वाक्यांत सांगता आलं तरी आत्ता पुरे.

कोर्स का पुरे होत नाहीत माहितेय? कारण त्यात तुझं काही अडलेलं नसतं. दुसऱ्याची टू-डू लिस्ट बनवायला कुणाला हुरूप येणार. म्हणून चौथा कोर्स घेऊ नकोस. आपल्याच गोडाऊनचं सॉफ्टवेअर लिही.

हसू नकोस, हेच तुझं हुकमाचं पान आहे. बघ, औषधाच्या पाकिटावर बऱ्याचदा एक्सपायरीचा फक्त महिना आणि वर्ष असतं. तुला माहितेय की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत माल चालतो. नवीन पोरगा डेटाबेसमधे तारखेचा कॉलम करेल, दिवस माहीत नाही म्हणून १ तारीख टाकेल आणि महिनाभर चांगला माल एक्सपायर्ड म्हणून अडकवून ठेवेल, शिवाय त्याच्या टेस्टसुद्धा पास होतील कारण टेस्टही त्यानेच लिहिलेल्या. जो माल आधी एक्सपायर होणार तो आधी बाहेर काढायचा, मग तो नंतर का आलेला असेना, हे तुला पाठ आहे, त्याला कुणीतरी सांगावं लागेल.

अजून एक. स्टॉक म्हणजे एक आकडा, विकला की वजा, आला की अधिक, असं नवशिका करतो. तू वही सांभाळलेला माणूस आहेस, तुला माहितेय की आकडा कधी ना कधी चुकतोच आणि तेव्हा कुठे चुकला हे शोधायला प्रत्येक हालचाल लिहिलेली लागते, आवक, जावक, परत आलेलं, फुटलेलं. तर टेबल हालचालींचं कर, शिल्लक त्यातून काढ, आणि झालेली नोंद खोडायची नाही, चुकली तर उलटी नोंद टाकायची. हे तू खतावणीत दहा वर्षं केलंस, तेच डेटाबेसमधे केलंस की समोरचा आर्किटेक्ट खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आणि ते, दोन सेल्समननी एकाच वेळी फोनवर शेवटचे दहा बॉक्स दोन गिऱ्हाइकांना कबूल केले, झालंय ना तुझ्याकडे असं? नक्की झालं असणार, आणि मग कुणाला नाही म्हणायचं यावरून तू वैतागलाही असशील. तेच कॉन्करन्सी. तोच प्रॉब्लेम पुस्तकात लॉकिंग आणि ट्रान्झॅक्शन या नावाने येतो. आधी तो घोळ मुद्दाम होऊ दे, दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं) लावून स्टॉक मायनसमधे जाताना बघ, मग रो लॉक करून थांबव, मग लॉक न लावता व्हर्जनचा कॉलम ठेवून थांबव, आणि दोन्हीत फरक काय ते रीडमी फाइलमधे तुझ्या भाषेत लिही. इंटरव्ह्यूत हे सांगशील ना तेव्हा ते पाठ केलेलं वाटणार नाही.

पसारा वाढवू नकोस. लॉगिनची तीन प्रकारची सोय, मोबाइल अ‍ॅप, रंगीत डॅशबोर्ड, काही नको. आवक, विक्री, परतावा, एक्सपायरीची यादी, एवढ्या चार गोष्टी, त्यांच्या टेस्ट, आणि पुश केलं की टेस्ट आपोआप चालतात एवढी पाइपलाइन. डेटा मात्र खोटा बनव हं, गिऱ्हाइकांची खरी नावं नि उधाऱ्या पब्लिक रिपॉझिटरीवर टाकून भावाच्या धंद्याची वाट लावशील.

रोज दीड तास बसलास तर मला वाटतं चार-पाच महिने लागतील, आणि हा दीड तास पहाटेचा नाहीतर रात्रीचा, धंद्याचा फोन भावाकडे दिलेला असताना. "मधेमधे वेळ मिळेल तसं" यावर माझा विश्वास नाही, मी तसंच करून एक वर्ष घालवलंय.

आता एआय. काम बदलतंय हे खरंय, साधा सरधोपट कोड मशीन लिहून देतं, पूर्वी ज्युनिअरला जे द्यायचे त्यातलं बरंच तसंच होतं, म्हणून फ्रेशर म्हणून जाऊ नकोस म्हणाले त्याचं हेही एक कारण. पण ते एक्सपायरीच्या तारखेचं परत आठव. काय बांधायचं हेच चुकीचं सांगितलं तर मशीन ते चुकीचं भराभर आणि छान इंडेंट करून देतं. त्याला काय सांगायचं आणि आलेलं बरोबर आहे का हे ओळखणारा माणूस लागतोच, किती लागतील ते मात्र मला सांगता येणार नाही, जो छातीठोक आकडा सांगतो तो बहुतेक कोर्स विकत असतो. तू वापर, जरूर वापर, मीही रोज वापरते. फक्त पहिले दोन महिने कोड स्वतः टाइप कर आणि त्याला शिक्षकासारखं प्रश्न विचारायला वापर, हे असं का, ते तसं का नाही. हाताला सवय लागल्यावर मग लिहायला दे. तुझ्या रिपॉझिटरीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तर ती का आहे हे तुला सांगता आलं पाहिजे, इंटरव्ह्यू घेणारे हल्ली नेमकं तिथेच बोट ठेवतात.

अर्ज कुठे करायचा? नुसतं "जावा डेव्हलपर" शोधून शंभर ठिकाणी रेझ्युमे टाकलास तर वरची चाळणीच तुला गाळेल. स्टॉक, बिलिंग, सप्लाय चेन, हॉस्पिटलची औषधं, दुकानांचं सॉफ्टवेअर, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), असलं काही बनवणाऱ्या कंपन्या शोध, लहान आणि मध्यम आधी. त्यांना क्लायंटची भाषा कळणारा डेव्हलपर सहज मिळत नाही. तिथे इम्प्लिमेंटेशन किंवा प्रॉडक्ट सपोर्टची जागा आधी मिळत असेल तर नाक मुरडू नकोस, पण जॉइन होण्याआधी विचारून घे की कोडला हात लावायला मिळेल का आणि कधी, नाहीतर तिथेच अडकशील. परतणाऱ्यांसाठी वेगळे प्रोग्रॅमही असतात, रिटर्नशिप म्हणतात, गोल्डमन सॅक्सने २००८ ला या नावाने सुरू केला होता, मग इतरांनीही केले. पण त्यांच्या अटी नीट वाच, काहींना आधी ठराविक वर्षांचा अनुभव लागतो, काहींना पूर्ण करिअर ब्रेक लागतो आणि तू तर काम करत होतास. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक दाखवायची सोय आहे तीही तू वापरू नकोस. तुझी ती नोकरी आहे, नोकरीसारखीच लिही: किती माणसं सांभाळलीस, किती प्रकारचा माल, किती गिऱ्हाईकं, एक्सपायरीत वाया जाणारा माल कमी केला असशील तर किती. आकडे खरे, स्वतःच्या वहीतले.

आणि ती मॅनेजर झालेली पोरं, त्यांना मेसेज कर. मला माहितेय हे सगळ्यात जड जाणार. "काही असेल तर सांग" असं मोघम नको, त्याला कुणीच उत्तर देत नाही. असं लिही, की मी परत येतोय, हे एक सॉफ्टवेअर लिहिलंय, वीस मिनिटं काढून कोड बघून शिव्या घालशील का. नोकरी मागितली की माणूस अवघडतो, मत मागितलं की खुलतो, आणि एकदा कोड बघितला की त्याच्या टीममधे जागा निघेल तेव्हा तुझं नाव त्याला आठवतं.

इंटरव्ह्यूत मधल्या वर्षांबद्दल विचारतील तेव्हा दोन वाक्यं. वडील आजारी पडले, घरचा व्यवसाय दहा वर्षं चालवला, आता भावाकडे दिलाय. मी तिथे रोज जे प्रॉब्लेम सोडवत होतो त्याचंच सॉफ्टवेअर लिहिलंय, दाखवू का? आणि गप्प बस. माफी नको, बाबांच्या आजाराची सगळी हकीकत नको. कोडिंगचे प्रश्नही येतील, अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, थोडे ट्री, साठ-सत्तर नीट समजून सोडव, पाचशे पाठ करत बसू नकोस. पहिले तीन-चार इंटरव्ह्यू वाईट जातील, म्हणून मनातल्या कंपन्या त्यानंतरसाठी राखून ठेव.

एक राहिलं. भावाला धंदा पूर्ण देऊन मगच शोधायला लागू नकोस. आधी सहा महिने रोजचं त्याने बघायचं, अडलं तर तुला विचारायचं, असं ठेव. अडला की तो काय विचारतो ते एका कागदावर लिहून ठेवत जा, तुझ्या सॉफ्टवेअरमधे पाचवी गोष्ट कुठली घालायची ते त्यातूनच कळेल. आणि त्याला ते वापरायला दे. रोज माल काढताना तो त्यात जे बग काढेल ते कुठल्याही टेस्टरला सापडायचे नाहीत, वर भाऊ असल्यामुळे बोलेलही मोकळेपणाने.